आबांच्या गमती सुरू झाल्या की आजी उठून जाते

ताई, नमस्कार.

माझे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, गेल्या कार्तिकात गेले. ९४ वर्षांचे होते. आमचं गाव पाटण तालुक्यात. आबा १९५४ साली एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि १९८८ साली निवृत्त झाले, पण घरात त्यांची कंडक्टरकी शेवटपर्यंत चालू होती. कुणीही गावाला निघालं की ते ताटलीवर चमच्याने दोन टोले द्यायचे. डबल बेल! ती मिळाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली तेव्हा ते ९२ वर्षांचे होते. मग उगाच कराडला जाऊन चहा पिऊन यायचे आणि शून्य रुपयांची तिकिटं बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवायचे. बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर मला म्हणाले, "तू अर्धी, मी शून्य. दोघं मिळून अर्ध्या तिकिटात जग फिरू." रोज संध्याकाळी मेंढीकोट, आणि भिडू कायम एकच, त्यांचे धाकटे भाऊ तात्या. सगळ्या गोष्टी रंगवून सांगायचे. फक्त कोयनेच्या भूकंपाचं विचारलं की "लई हललं" एवढंच म्हणायचे आणि पत्ते पिसायला घ्यायचे.

आबांना उचललं तेव्हा माझ्या धाकट्या काकांनी आतून ताटली आणली आणि डबल बेल दिली. मी रडता रडता हसले. बरेच जण हसले. तात्या मात्र तिथेच ओरडले, "हा काय तमाशा लावलाय?" ते आता ८८ वर्षांचे आहेत. वर्षभर आमच्याकडे फारसे आले नाहीत. पत्तेही बंद.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. आम्हा नातवंडांना त्या दिवशी दुपारी मेंढीकोटचा डाव मांडायचाय, भजी करायचीत आणि आबांच्या आठवणींची पुस्तिका वाटायचीय. ती लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मोठ्या काकांनी 'जीवनपट' लिहून दिलाय: जन्म, शिक्षण, नोकरी, बदल्या. तो वाचून आबा दिसतच नाहीत. आणि माझ्याकडे नुसत्या गमती आहेत. आम्ही सगळे जमलो की त्याच निघतात, आणि त्या सुरू झाल्या की आजी उठून आत जाते. ती ८७ वर्षांची आहे. विचारलं तर "काही नाही गं" म्हणते.

शिवाय ऑफिसात मला अजून मधेच रडू येतं. "९४ म्हणजे सोनं झालं की," असं सगळे म्हणतात. ३१ वर्षांची बाई आजोबांसाठी वर्षभर रडते, याची मलाच लाज वाटायला लागलीये. आमचं काही चुकतंय का?

– आबांची नात, सध्या पुणे

प्रिय मुली,

रडण्याचं आधी सांगते, कारण त्यात मला काही अडचण दिसत नाही. अंथरुणाला न खिळता, भरल्या घरातून माणूस गेला की आपल्याकडे "सोनं झालं" म्हणतात. ते आबांच्या जाण्याबद्दल खरंच आहे, आणि म्हणणारे तुला धीर द्यायलाच म्हणतात. पण ९४ वर्षं मिळाली ती आबांना. तुला आबा मिळाले ३० वर्षं, आणि त्यातली समजत्या वयातली पंचवीसच धर. एवढ्यात कुणाचं पोट भरतं? उलट इतकी वर्षं ज्याने निघताना डबल बेल दिली, त्याच्यावाचून पुण्याची गाडी पकडणं जास्त जड जाणार. कुणी म्हणालंच तर "हो, सोनं झालं, पण मला त्यांची फार आठवण येते" एवढं म्हण आणि डोळे पूस. लाज वाटून घेऊ नकोस.

ताटलीचं म्हणशील तर तुझ्या काकांनी काही वावगं केलं असं मला मुळीच वाटत नाही. आपल्या भागात पिकल्या माणसाला टाळ-मृदंगाच्या गजरात नेतात. पणतवंडाचं तोंड पाहिलेल्या आजोबांवर सोन्याची फुलं उधळतात. दहाव्याला कावळा शिवेना की घाटावर जमलेली सगळी माणसं एकेक आठवून बोलायला लागतात: यांना चहा लागायचा, कुणी चहा ठेवा; तंबाखूची पुडी ठेवा; त्या धाकट्या पोरीचं लग्न आम्ही करू म्हणावं. गेलेल्या माणसाला काय आवडायचं, त्याचा जीव कशात होता, हे सगळ्यांनी मिळून मोठ्याने सांगायची सोय आपल्या रीतीतच आहे. कंडक्टर माणसाला डबल बेल देऊन पाठवणं त्याच जातीचं आहे. त्यांच्या मुलाला त्या क्षणी ते सुचलं, यात मला प्रेमच दिसतं.

तरीही तात्या ओरडले, आणि त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. तुझ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती दोन माणसं म्हणजे तात्या आणि आजी. तू दोघांचं ओझरतं लिहिलंयस. एक ओरडून गेला, एक उठून जाते. पुस्तिकेचं काम करायचं असेल तर या दोघांपासून सुरुवात कर, असं माझं सांगणं आहे. का ते सांगते.

तुझा जन्म १९९४चा धरला तर तेव्हा आबा ६४ वर्षांचे होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. म्हणजे खाकी कपड्यातले, खांद्याला चामड्याची पिशवी आणि हातात तिकिटांचा पत्र्याचा ट्रे घेतलेले आबा तू कधी पाहिलेच नाहीस. टिकटिक वाजणारा पंच तू ऐकला असशील तो त्यांनी तोंडाने काढलेल्या आवाजात. तुझ्याकडच्या गमती खऱ्या आहेत, पण त्या शेवटच्या ३० वर्षांतल्या आहेत, रिकामपण मिळालेल्या म्हाताऱ्याच्या. आधीची ६४ वर्षं त्यात नाहीत. एवढं मोठं आयुष्य आठवायचं म्हणजे त्या ६४ वर्षांत शिरावं लागेल. त्यातली जवळपास ४० वर्षं आजीने जवळून पाहिलीत, आणि त्याच्या आधीची, पोरवयातली, आता फक्त तात्यांना ठाऊक आहेत.

जरा बघ काय काय आहे त्यात. आबा १९३०चे. १९४३ साली सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं तेव्हा ते १३ वर्षांचे होते आणि तात्या सहा. त्या वयाच्या पोरांना असल्या दिवसांत काय दिसलं, घरात काय कुजबुजलं गेलं, हे सांगणारा तुमच्या घरात आज एकच माणूस आहे. एसटी सुरू झाली १ जून १९४८ला, पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. आबा १८ वर्षांचे. आणखी सहा वर्षांनी ते तिच्यात लागले, म्हणजे एसटी स्वतःच अजून नवी होती. गावात पहिली गाडी आली ती कुणी पाहिली? आबा त्या आधी कंडक्टर झाले की नंतर?

आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस तर कंडक्टरच्या घरात विसरलाच जाऊ नये. त्या दिवशी नवे पैसे आले. तोवर रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते, आता रुपयाचे १०० नवे पैसे झाले. चार आण्यांचे २५ आणि आठ आण्यांचे ५० हे सरळ होतं. पण एका आण्याचे होतात सव्वासहा! जुनी नाणी काही वर्षं नव्यांच्या बरोबरीने चालत राहिली. म्हणजे आबांच्या पिशवीत दोन्ही खुर्दा, समोर डोंगरातून आलेली, आण्याचाच हिशोब कळणारी माणसं, आणि गाडी घाटातून हेलकावे खातेय. सुट्ट्यावरून भांडण मिटवायला जीभ गोड लागते. तुला ठाऊक असलेला आबांचा हजरजबाबीपणा कुठे घासूनपुसून तयार झाला असेल, याचा मला तरी हा एक धागा वाटतो. खरं-खोटं आजीला विचार. घरी येऊन हिशोब लागेना म्हणून डोकं धरून बसले असतील तर ते तिनेच पाहिलेलं असणार.

आता भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगर जवळजवळ भुईसपाट झालं, पाटण तालुक्यात घरंच्या घरं पडली. धक्के त्यानंतरही कित्येक महिने बसत होते आणि ऐन थंडीत लोक घराबाहेर झोपत होते. आबा ३७ वर्षांचे होते, आजी २९ वर्षांची, पदरात लहान मुलं. ज्या माणसाने कराडच्या चहाचीही गोष्ट रंगवली, तो यावर "लई हललं" म्हणून पत्ते पिसायला घेतो. तू हे पत्रात लिहिलंस म्हणजे ते तुला कुठेतरी टोचलेलं आहे. त्या पहाटे आबा घरी होते, की कुठल्या गावात मुक्कामी गाडीवर? घरी नसतील तर मुलांना घेऊन अंगणात कोण आलं? आबा घरी पोचले कधी? मी इथे बसून अंदाज करणार नाही, तूही करू नकोस. आजीने सांगितलं तर ऐक. नाही सांगितलं तर तो विषय तिथेच ठेव आणि पुस्तिकेत "लई हललं" एवढंच लिही, त्यांच्याच शब्दांत. ज्याने आयुष्यभर लोकांना हसवलं त्याने काय सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तेही वाचणाऱ्याला कळू दे.

आजीकडे येते. ती उठून जाते त्याचं एक अगदी साधं कारण असू शकतं, ते आधी तपासून बघ. तिला नीट ऐकू येतं का? ८७व्या वर्षी दहा-बारा जण एकदम बोलताहेत, हसताहेत, तर काय चाललंय ते कळत नाही. नुसते हलणारे ओठ आणि हसणारे चेहरे दिसतात. दोनदा "काय गं?" विचारलं, दोनदा "काही नाही आजी, आबांचं चाललंय" असं उत्तर आलं की तिसऱ्यांदा माणूस विचारत नाही, उठतो. मी हे कितीतरी घरांत पाहिलंय आणि घरच्यांना वाटत असतं की म्हातारी रुसली. तेव्हा दिवाळीत गेलीस की तिच्या ज्या कानाला बरं ऐकू येतं त्या बाजूला बस. तालुक्याला कान तपासून घेता आले तर घे.

कान चांगले असतील, तर मग तुमच्या गमती एकदा तिच्या जागी बसून ऐक. आबांनी मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरला आणि आणखी चार जणांना रात्री अवेळी जेवायला आणलं, अशी गोष्ट तुमच्या घरात असणारच. कंडक्टरच्या प्रत्येक घरात असते. तुम्ही हसता ते आबांनी दारातून काय आरोळी ठोकली यावर. भाकऱ्या कुणी थापल्या, चूल परत कुणी पेटवली, हे त्या गोष्टीत असतं का? मी असं म्हणत नाही की आजीच्या मनात त्याचा राग आहे. ६९ वर्षांच्या संसारात राग-लोभाचे इतके थर असतात की बाहेरच्याने बोलू नये. मी इतकंच म्हणते की तुमच्या गोष्टीत ती नाही, आणि गोष्ट तिच्याच घरातली आहे. शिवाय तुम्ही हसून पुण्याला परत येता. संध्याकाळी चारचा चहा आता एकाच कपाचा करायचा असतो तो तिला.

म्हणून तिला "आजी, आबांची एखादी गंमत सांग ना" असं सांगू नकोस. ते काम आबांचं होतं, तिचं नव्हे. तिच्याबरोबर काहीतरी करायला बस. लसूण सोलायला घे, शेंगा फोडायला घे, घेवडा निवडायला घे. हात चालू असले आणि समोरच्याकडे बघायची सक्ती नसली की जुनी माणसं मोकळी बोलतात. आणि विचारायचं ते तिच्याबद्दल. मुक्कामी ड्यूटीच्या रात्री तू काय करायचीस? सोबतीला कोण असायचं? दार वाजलं तर ते आलेत हे कशावरून ओळखायचीस? पगार हातात यायचा की थेट दुकानदाराकडे जायचा? लग्नाआधी त्यांना पाहिलं होतंस का? तिच्या उत्तरांतून आबा आपोआप येतील, आणि ते तुला ठाऊक नसलेले असतील.

साल विचारू नकोस. "कितव्या साली?" म्हटलं की म्हातारी माणसं बिचकतात, परीक्षा घेतल्यासारखं होतं. त्यांचा काळ घटनांवर टांगलेला असतो. नव्या पैशाच्या आधी की नंतर? भूकंपाच्या वेळी तुझे बाबा किती वर्षांचे होते? ७२च्या दुष्काळात आपल्याकडे कोण राहायला आलं होतं? गावात वीज आली तेव्हा हे घर होतं का? साल तू नंतर मोठ्या काकांच्या जीवनपटावरून लाव. बघ, तो जीवनपट इथे कामाला आला! त्यावर नाराज होऊ नकोस. बदल्यांच्या तारखा कुणीतरी जुन्या कागदांतून शोधून काढल्यात, ती मेहनत आहे, आणि मोठ्या मुलाला वडिलांबद्दल असंच लिहिता येत असेल. तो पहिल्या पानावर जसाच्या तसा छाप.

बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर आजीला सांगून कर. लपवून मुळीच नको. फोन पालथा ठेव, म्हणजे तिचं लक्ष त्याकडे जाणार नाही. आणि एका बैठकीत सगळं उरकायला जाऊ नकोस. अर्ध्या तासात ती दमेल.

एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघ. आजीचं जेवण कमी झालंय का, झोप उडालीय का, लुगडं-पातळ सैल होऊ लागलंय का, देवपूजा किंवा अंगणातलं रोजचं काम तिने सोडलंय का. असं असेल तर "आता वयच झालं" म्हणून सोडून देऊ नका. जोडीदार गेल्यावर म्हाताऱ्या माणसांना येणारी उदासी हा औषधाने आणि सोबतीने बरा होणारा आजार असू शकतो. डॉक्टरांकडे न्या.

आता पुस्तिका. "आनंदी, मनमिळाऊ, दिलखुलास, सर्वांना हवेहवेसे" हे शब्द तुझ्या हातून लिहिले जातील, सगळ्यांच्याच जातात. लिहून झालं की ते सगळे खोड. ते कुणाच्याही फोटोखाली चालतात. त्याऐवजी "तू अर्धी, मी शून्य" हे लिही, ते दुसऱ्या कुणाचं होऊच शकत नाही. शून्य रुपयाच्या एका तिकिटाचा फोटो एक अख्खं पान भरून छाप. डब्यातली तिकिटं मात्र आत्ताच वहीत नीट लावून ठेव, किंवा त्यांचे फोटो काढ; त्या मशीनच्या कागदावरची अक्षरं उन्हाने आणि काळाने उडतात, आणि दोन-चार वर्षांत तुमच्या हातात कोरे कागद राहतील.

तुमच्या घरातल्या मेंढीकोटचे नियम लिही. हे मी अगदी मनापासून सांगते. चार भिडू, समोरासमोरचे दोघे एका बाजूचे, दश्श्या ओढायच्या, चारही आल्या की कोट, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण हुकूम कसा ठरवायचा हे घरोघरी वेगळं. आणि भिडूला खाणाखुणा करणं तर तुमच्या घरात चालत असणारच, तेव्हा आबांच्या खुणा कोणत्या होत्या? खोकला कशासाठी, टोपी मागे सरकवली तर काय समजायचं, "चहा ठेवला का गं?" असं आत ओरडून विचारलं म्हणजे हातात काय आहे? आबा कसे खेळायचे ते नेमकं लिहिलंस तर आत्ता तीन वर्षांचं असलेलं पोर वीस वर्षांनी त्यांच्यासारखं खेळू शकेल. या खुणा कुणाला पक्क्या ठाऊक आहेत हे तुला मी सांगायला नको.

तशीच आबांची दिनचर्या, त्यांच्या शिव्या (सौम्य असतील त्या छाप, बाकीच्या आपल्या वहीत ठेव), त्यांनी लोकांना ठेवलेली नावं, चिडले की काय करायचे. हो, चिडायचेही लिही. ९४ वर्षं नुसता हसतच राहिलेला माणूस कुणी पाहिलेला नाही, आणि गावातल्या त्यांच्या वयाच्या लोकांना तशी पुस्तिका वाचून ती दुसऱ्याच कुणाची वाटेल.

काही कामं पुस्तिकेच्या आधी, याच आठवड्यात करायची आहेत. आबांचा मोबाइल असेल तर तो कुणाच्या कपाटात आहे ते शोध. रिचार्ज बंद राहिला की काही महिन्यांनी नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. व्हॉट्सॲपचं खातंही १२० दिवस वापरलं नाही तर काढून टाकतात. वर्ष होत आलंय, तेव्हा त्यांच्या फोनवरचं कदाचित गेलंही असेल. पण त्यांनी तुला, तुझ्या बाबांना, आत्याला पाठवलेले आवाजी निरोप तुमच्या तुमच्या फोनमध्ये असतील. प्रत्येकाने आपापलं संभाषण मीडियासकट एक्स्पोर्ट करून एका ठिकाणी जमा करा, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घालून घरी ठेवा. नवा फोन घेताना असे आवाज हरवतात आणि मग फार जीव जळतो. जुने फोटो फ्रेमच्या काचेला चिकटले असतील तर ओढून काढू नका, काचेवरूनच फोटो काढा. सुट्या फोटोंच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने नावं लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो. नावं सांगणारी माणसं दोनच आहेत, पुन्हा तीच.

वर्षश्राद्धाच्या दिवसाबद्दल माझं मत असं. सकाळचे विधी आजीला आणि तात्यांना पटतील तसे, एकही गोष्ट कमी न करता होऊ द्यात. पानात आबांच्या आवडीचं करा, भजी तिथे बसतात, त्याला कुणी नाही म्हणणार नाही. जेवणं झाल्यावर पुस्तिका वाटा, ज्याला दोन शब्द बोलायचेत त्याला बोलू द्या, आणि हसू आलं तर हसा. पत्त्यांचा डाव मात्र तात्यांनी होकार दिला तरच मांडायचा. त्यांना तो त्या दिवशी नको असेल तर मांडू नका. तुम्हा नातवंडांसाठी तो आबांच्या आठवणीचा खेळ आहे. तात्यांसाठी त्यात समोरची जागा रिकामी आहे. आयुष्यभर ज्याच्या समोर बसून पत्ते खेळले, त्याच्या जागी एखादा नातू हसत हसत येऊन बसणं त्यांना त्या दिवशी झेपेल का, हे तेच सांगू शकतात. डाव काय, मे महिन्यात सगळे जमाल तेव्हाही होईल.

आणि तात्यांना हे विचारायला फोन करू नकोस. कुणाला मध्ये घालू नकोस. मोठ्या काकांना तर नकोच, ते जाऊन समजूत काढत बसतील. ताटलीवरून झालेल्या बोलाचालीची माफी-बिफी हा विषय घेऊनही जाऊ नकोस. तुझ्या काकांना वाटलं तर ते त्यांचं बघतील. दिवाळीला गावी गेलीस की भाऊबिजेच्या गडबडीच्या आधी एका दुपारी एकटी जा, चुलतभावंडांचा घोळका बरोबर नको. फराळाचं घेऊन जा. पहिलं वर्ष म्हणून तुमच्याकडे तळणीचं केलं नसेल तर पाटणमधून काहीतरी घे. पाया पड आणि सांग की आबांबद्दल लिहायला घेतलंय, पण ते लहान असतानाचं मला काहीच माहीत नाही, आणि ते सांगणारं तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही. हे खरं आहे, म्हणून तसंच सांग.

मग विचार: आबा पोहायला कुठे शिकले? शाळा का सुटली, की सुटलीच नाही? मार कुणाचा खायचे? पत्ते त्यांना कुणी शिकवले? घरी आवडायचं का ते? दोघांत भांडण झालं होतं का कधी, आणि किती दिवस बोलणं बंद होतं? कंडक्टरची नोकरी लागली तेव्हा घरात काय झालं, धाकट्या भावाला काय वाटलं? पहिल्या दिवशी ते काही सांगणार नाहीत कदाचित. तब्येतीचं, पावसाचं, भाताचं बोलतील. बस तेवढा वेळ. दुसऱ्या दिवशी परत जा.

पत्त्यांचा विषय तू काढू नकोस. त्यांनी काढला, तर बाकीची कामं बाजूला ठेवून खेळायला बस.